सल्ला हवा: ऑटोमॅटिक गाडी २-३ गिअरला अडखळते, गॅरेजवाले ओव्हरहॉल सांगतायत (सोलापूर)

होटगीरोडकर
सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलवर चालणारा जोड) ऑटोमॅटिक, पेट्रोल, ८२,००० किमी. गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. तक्रारी तीन:
सकाळी पी (पार्क) वरून डी (ड्राइव्ह) ला टाकली की दोन सेकंद काहीच होत नाही, मग धक्का देऊन घेते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएमचा काटा २,००० वरून २,८०० ला चढतो, गाडी तेवढी पळत नाही, मग झटका. आणि ६०-७० च्या वेगाला हलका पाय ठेवला की रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर.
गॅरेजमध्ये एक चक्कर मारून 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल' म्हणाले. इथंच करू की पुण्याला नेऊ?

लाल_ऑइल
कुठं न्यायची ते नंतर बघू. आधी हे सांगा, गेल्या वर्षभरात रेडिएटर काढला होता का?

होटगीरोडकर
एप्रिलमध्ये नवा टाकला. त्याचा काय संबंध?

लाल_ऑइल
बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायचा कूलर रेडिएटरच्या खालच्या टाकीतच असतो. रेडिएटर काढला की त्या दोन पाइपांतलं आणि कूलरमधलं ऑइल सांडतं. कूलंट भरायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, हे भरायचं राहून जातं. वरून बघायला डिपस्टिक नसेल तर कुणाला कळतही नाही.

पातळी कमी असली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि दाब उशिरा तयार होतो. म्हणून डी ला दोन सेकंद. क्लचप्लेटा वेळेत दाबल्या जात नाहीत, म्हणून २-३ मध्ये काटा वर. थंड ऑइल आकसलेलं असतं, त्यामुळे सकाळी जास्त जाणवतं. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी म्हणजे एकच दुखणं वाटतंय. थरथर वेगळी, तिचं नंतर.

रॅम्पवरून
वरच्याशी सहमत. पण पातळी बघायची रीत चुकली तर आजार वाढतो, म्हणून नीट लिहितो.

गाडी रॅम्पवर, चारही चाकं एका पातळीत. नुसती पुढून जॅकवर उचलून बघितलेली पातळी खोटी. आधी भरायचा वरचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो जाम असेल आणि खालचा पातळीचा काढून बसलात तर गाडी तिथंच राहील. मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर, पी-आर-एन-डी प्रत्येकात ३-४ सेकंद थांबून परत पी. स्कॅनर लावून ऑइलचं तापमान बघत राहायचं. बऱ्याच सहा गिअरच्या गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये पातळीचा बोल्ट काढायचा असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून पक्का करा. बारीक धार येऊन थेंब-थेंब झाली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर कमी आहे, २०० मिलि ओतत जा.

आता सोलापूरचं सांगतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी केलेली गाडी आत आणून बोल्ट काढेपर्यंत ऑइल ४५ च्या पुढं गेलेलं असतं. गरम ऑइल फुगतं, जास्त बाहेर येतं, आणि 'भरलेलं आहे' म्हणून बोल्ट लावला जातो. प्रत्यक्षात कमीच. हे काम सकाळी सातला करून घ्या, दुपारी नको.

लाल_ऑइल
बोल्टमधून आलेले चार थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. लाल किंवा तपकिरी, वास नाही, तर चालेल. काळं आणि जळका वास म्हणजे क्लचप्लेटा जळतायत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलर आतून फुटून कूलंट मिसळलंय. मग गाडी चालवू नका, टो करून न्या.

स्कॅनरही फक्त इंजिनवाला नको, गिअरबॉक्सच्या कंप्युटरशी बोलणारा हवा. पी-०७०० म्हणजे नुसतं 'गिअरबॉक्सला विचारा', त्यावर कुणी ओव्हरहॉल सांगत असेल तर पुढचा कोड मागा. पी-०७३३ हा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही म्हणून, पी-०७४१ लॉकअप क्लचचा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचा. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, कमी व्होल्टेजला हे कंप्युटर काहीही बरळतात.

जुना_पुणे_नाका
माझी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) आहे, तीही झटके मारते. हेच सगळं लागू?

रॅम्पवरून
नाही ओ. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त दाबायचं काम मशीन करतं. तिथं क्लच किती झिजलाय ते आणि अ‍ॅक्च्युएटर बघायचा, मग स्कॅनरने क्लच लर्निंग. वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

होटगीरोडकर
आज सकाळी करून घेतलं. ३८ अंशाला बोल्ट काढला, एक थेंब आला नाही. ७०० मिलि गेल्यावर धार सुरू झाली. ऑइल तपकिरी, जळका वास नाही. कोड एकच, पी-०७४१. डी लगेच घेते, २-३ ला काटा चढत नाही. थरथर मात्र आहे तशीच.

लाल_ऑइल
७०० मिलि! म्हणजे उतरवायला निघालेला गिअरबॉक्स भुकेला होता.

थरथरीसाठी विजापूर रोडला शहराबाहेर, मागं गाडी नसताना एवढं करा: ६५ ला उजवा पाय स्थिर, डाव्या पायाने ब्रेक इतकाच शिवा की फक्त मागचा दिवा लागेल. लॉकअप क्लच सुटतो, काटा १००-३०० ने वर जातो. त्याच क्षणी थरथर गेली तर लॉकअप. राहिली तर प्लग, कॉइल, टायर, ड्राइव्हशाफ्ट याकडे वळा.

होटगीरोडकर
तीन वेळा केलं. तिन्ही वेळा लगेच गेली.

रॅम्पवरून
मग जुनं ऑइल हाच पहिला संशयित. लॉकअप क्लच घसरत-घसरत धरतो, त्यासाठी ऑइलमध्ये जे द्रव्य असतं ते संपलंय.

मशीन फ्लश कुणी सुचवला तर माझ्या मते नको. ८२ हजारांचा गाळ एकदम सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागात) अडकण्यापेक्षा हळूहळू बदललेलं बरं. एकूण साधारण ७ लिटर धरा, एका वेळी साडेतीन निघतं. पहिल्या खेपेला निम्मं नवं, दुसऱ्या खेपेला ७५ टक्के, तिसऱ्या खेपेला ८७. मध्ये ३००-५०० किमी चालवा. ११ लिटर घेऊन ठेवा. निघालं तेवढंच मोजून भरायचं आणि शेवटी पातळी पुन्हा वरच्याच रीतीने. ग्रेड मॅन्युअलमधली, लाल रंग बघून डबा उचलू नका, सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) तर अजिबात नाही.

पॅन काढला तर चुंबक बघा. राखाडी मऊ पेस्ट चालते, बोटाला टोचणारे तुकडे नाहीत. तिसऱ्या खेपेनंतर स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन रीसेट (गिअरबॉक्सच्या कंप्युटरने शिकलेल्या जुन्या सवयी पुसणं), मग हलक्या पायाने सहाव्यापर्यंत दहा-बारा वेळा चढवा. एवढं करूनही तुळजापूर घाटात थरथरली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा अंदाज घ्या, तोही फक्त कन्व्हर्टरचा.

लाल_ऑइल
आणि ड्रेन बोल्टचे वॉशर तिन्ही वेळा नवे. कूलरच्या दोन्ही पाइपांच्या क्लिपांखाली कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर ऑइल एप्रिलमध्येच नव्हे, अजूनही जातंय.