वायएफझेड४५०आर : ९५ ऑक्टेन चालेल की ९८च?

प्रश्न: दुबईत वाळूवर चालवायला यामाहा वायएफझेड४५०आर ही चारचाकी क्वाड बाइक (२०१४ नंतरचं मॉडेल) घेतोय. स्टॉक (कंपनीचं मूळ) कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११.८:१. पंपावर पेट्रोल ऑक्टेननुसार मिळतं: ई-प्लस ९१, स्पेशल ९५, सुपर ९८. अमेरिकेतले लोक '९१ टाका' म्हणतात. मग इथलं ९१ चालेल का?

उत्तर १: अजिबात नको. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी असतो, यूएईतला नुसता रॉन. तिकडचं ९१ म्हणजे इकडचं साधारण ९५. स्टॉक इंजिनाला ९५ पुरतं. ९८ टाकून ताकद वाढत नाही, फक्त उन्हाळ्यात चढावर नॉकिंगपासून (मिश्रण आपोआप, अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्यापासून) थोडी सवड मिळते.

उत्तर २: सेकंडहँड असेल तर आधी पिस्टन कुठला आहे ते विचारा. १३.५:१ कॉम्प्रेशनचा बसवलेला असेल तर मऊ वाळूत, फुल थ्रॉटलवर ९८ सुद्धा काठावरच. ९८ आणि ११० रॉनचं रेस फ्युएल निम्मं-निम्मं केलं की अंदाजे १०४ मिळतं. डब्यावरचा आकडा रॉनच आहे ना, हे मात्र बघा!

उत्तर ३: नॉकिंगचा आवाज हेल्मेटमध्ये ऐकूच येत नाही, म्हणून स्पार्क प्लग काढून बघा. पांढऱ्या पोर्सिलिनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकदार ठिपके दिसले, तर पिस्टनचं ॲल्युमिनियम उडतंय. चालवणं तिथेच थांबवा. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे का, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे नेलंय का, रेडिएटरमध्ये वाळू अडकलीय का, हे तपासा. नुसतं ऑक्टेन वाढवून लीन मिश्रण सुधारत नाही.