विषय: आईचे स्लाइड-ब्लॉक, मुलुंड ते परळ

नमस्कार,
आईच्या तळपायाचं माहितीच आहे सगळ्यांना. बायोप्सीत मेलानोमाच, म्हणजे त्वचेचा कॅन्सर आलाय. टाटाला नुसता रिपोर्ट चालत नाही, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा) पण लागतात, ते परत तपासतात. लॅबवाले म्हणतात पेशंटच्या सहीचं पत्र आणा. दादा दौऱ्यावर, मी इथे. या आठवड्यात कोणी मुंबईत आहे का?
अनघा

अनघा, मी ठाण्यात मेव्हण्याकडे आहे, आणतो. पत्रात माझं नाव घाल, नाहीतर दारात उभं करणार नाहीत. तोवर 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट अपलोड कर, टाटाच्या डॉक्टरांचं मत घरबसल्या मिळतं.
नंदूकाका

काका, मत मिळालं तरी पाय तपासायला डॉक्टर लागतोच ना. अनघा, रिपोर्टात ब्रेस्लो म्हणून मेलानोमाची जाडी, म्हणजे तो कातडीत किती खोल गेलाय, दिलेली असते मिलिमीटरमध्ये, ती बघ. किती रुंद कापायचं, जांघेतली गाठ तपासायची का, हे बरंचसं त्यावर ठरतं.
मेधा

म्हणून मी दर पिकनिकला सनस्क्रीन सनस्क्रीन करतो.
शरद

शरद, तळपायाला कुठलं ऊन लागतं रे? आपल्याकडे हा बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखालीच निघतो. बॉब मार्लीला अंगठ्याच्या नखाखाली होता, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला.
विनय

विनय, अनघा वाचतेय हे!!
मेधा

कृपया ही लिस्ट कार्यक्रमांपुरतीच ठेवावी. आरोग्यासाठी वेगळा ग्रुप आहे.
सचिव

त्या ग्रुपवर फक्त चकलीच्या ऑर्डरी चालू आहेत.
नंदूकाका

काका, दादाने सही घेतली, पत्र पाठवलंय. मेधाताई, जाडी २.३ आहे. आई मात्र वेगळंच विचारते, कापल्यावर चालता येईल का, चप्पल कुठली घालायची. नेटवर सगळे गोऱ्या पाठीवरच्या तिळांचे फोटो, तिला काय दाखवू? यातून गेलेलं कोणी मराठीत बोलेल का तिच्याशी?
अनघा

मी इथे सहसा लिहीत नाही. सासऱ्यांचं टाचेचं ऑपरेशन झालंय, डोंबिवलीत असतात. कुरूप समजून बरेच दिवस कॉर्नकॅप लावत होते. मांडीची कातडी लावलीये, जखम भरायला वेळ लागला पण आता मऊ सोलची चप्पल घालून भाजी आणतात. फोन करा, बोलायला आवडतं त्यांना, फक्त दुपारी एक ते चार नको. नंबर वेगळा पाठवते.
स्मिता

लॅब रविवारी उघडी असते का? शनिवारी माझ्याच्याने होणार नाही, मेव्हण्याकडे सत्यनारायण आहे.
नंदूकाका