हॉस्पिसचा खर्च मेडिक्लेममध्ये बसावा का?

रंकाळाकाठ : केमोचं बिल पास होतं, केमो थांबवून हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांत फक्त त्रास कमी करणाऱ्या ठिकाणी, नुसत्या वेदना आवरायच्या म्हटलं की क्लेम नाकारतात. पॉलिसीत वगळलेल्या बाबींमधला कोड 05 वाचा. अंघोळ घालणं, कपडे बदलणं अशी शुश्रूषा तर नाहीच, पण असाध्य रुग्णाच्या शारीरिक, भावनिक, आध्यात्मिक गरजांसाठीची कुठलीही सेवा नाही. आयआरडीएआयनेच, म्हणजे विमा नियामकानेच, हे शब्द ठरवून दिलेत, त्यामुळे कंपनी बदलूनही बहुतेक ठिकाणी तेच. मग घरचे पेशंटला आयसीयूत ठेवतात, कारण तिथलं बिल निघतं. हे कलम काढाच.

पेठकरी : आणि हप्ता कोण भरणार? ऑपरेशनचा मुक्काम अंदाजता येतो. हॉस्पिसमध्ये चार दिवस की आठ महिने, कोण सांगणार? हे काम सरकारचं. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर (असाध्य आजारात त्रास कमी करणारी सेवा) आहेच, ती चालू करायला लावा.

रंकाळाकाठ : यादीत आहे हो! गगनबावड्यात तीव्र वेदनांवरचं मॉर्फिन कोण देतंय? दिवसांची भीती असेल तर मर्यादा घाला. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे जास्तीत जास्त 40,000 आहेतच ना?

क्लेमडेस्क : कलम बदलेल तेव्हा बदलेल. आत्ता काय निघतं ते बघा.

डिस्चार्ज कार्डावर ‘सपोर्टिव्ह केअर’ (नुसती आधाराची शुश्रूषा) एवढंच लिहिलं की कोड 05 लागलाच म्हणून समजा. पोटातलं पाणी काढलं, शिरेतून मॉर्फिन दिलं, आतडं अडकलं म्हणून नाकातून नळी घातली, तर तो उपचार आहे. केसपेपरात तसं यायला हवं : वेदना 0 ते 10 पैकी किती, डोस किती, कधी दिला. न केलेलं मात्र लिहून घेऊ नका, पॉलिसीच रद्द होईल.

घरच्या उपचारांचं कलम असलं तरी पेशंट हलवण्यासारखा नाही किंवा खाट मिळत नाही, असं डॉक्टरांचं पत्र लागतं. ‘त्यांना घरीच राहायचंय’ हे कारण चालत नाही.

हॉस्पिसची रुग्णालय म्हणून नोंदणी आहे का, हे आधी विचारा. नसेल तर कोल्हापूरसारख्या 10 लाखांच्या आतल्या शहरात किमान 10 खाटा, चोवीस तास डॉक्टर-नर्स आणि ऑपरेशन थिएटर दाखवावं लागतं. हॉस्पिसात थिएटर कशाला असेल! बरेच क्लेम इथेच अडकतात.

नाकारलाच तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील नाही.

रंकाळाकाठ : लोकपालांना कागद पूर्ण झाल्यावर निकालाला तीन महिने आहेत. या पेशंटकडे तेवढे असतात का?

पेठकरी : म्हणून तर क्लेमच्या भानगडीपेक्षा क्रिटिकल इलनेस, म्हणजे गंभीर आजाराची पॉलिसी बरी. निदानावर एकरकमी पैसे, खाट कुठली ते विचारत नाहीत.

क्लेमडेस्क : धडधाकट असताना घेतली तरच. शिवाय अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर त्यात सहसा बसत नाही, आणि निदानानंतर ठरावीक दिवस, बहुधा 30, पेशंट जिवंत असावा लागतो. उशिरा निदान झालेल्यांचे पैसे तिथेच जातात.