कुलूप लागलं की कुत्रं भुंकतं : तुमचे अनुभव लिहा

जळगाव
आम्ही दोघं नोकरीवाले. मोती तीन वर्षांचा, गावठीच. समोरच्या मावशी आधी हसून सांगायच्या, परवा थेट अहिराणीत सुनावलं, "दिनभर भुकस तुमना कुत्रा!" आम्ही घरी असलो की हा चूप, म्हणून पटेना. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून गेलो. पहिली वीस मिनिटं नुसता आकांत, दाराला ओरबाडणं, मग जरा शांत, मग पुन्हा सुरू. तुम्ही काय केलंत?

भुसावळ, रेल्वे क्वार्टर
रेकॉर्डिंग केलंत ते बरं. आमच्या राणीला आमची आठवण-बिठवण काही येत नव्हती. भाजीची गाडी दिसली की भुंक, पोस्टमन दिसला की भुंक. खिडकीच्या खालच्या काचांना पेपर चिकटवले, निम्मा त्रास गेला. तुमचा दार ओरबाडतोय, ते दुखणं वेगळं. त्याला भीती वाटतेय.

धुळे, देवपूर
ताई म्हणतात ते खरं. आमच्या शेरूचं तेच होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आधी तुमच्या निघण्याची धास्ती घालवा. किल्ली उचलायची आणि परत बसायचं. चप्पल घालून टीव्ही बघायचा. मग दाराबाहेर १० सेकंद, मग ३०, मग १ मिनिट. तो रडायला लागायच्या आत परत यायचं. मी घाई केली, ५ मिनिटांवरून एकदम २० वर गेलो. सगळं मुसळ केरात, पुन्हा १० सेकंदांपासून. दोन महिने गेले. या काळात त्याला खरोखर एकटं टाकायचं नसतं, म्हणून सासूबाईंना शिरपूरहून बोलावलं. "जावयाने कुत्र्यासाठी बोलावलं" हे त्या अजून प्रत्येक लग्नात सांगतात.

चोपडा
कोणी शॉकचा पट्टा सुचवला तर ऐकू नका. आम्ही ती चूक केली. भुंकणं थांबलं, पण पंजे चाटून चाटून जखमा केल्या त्याने. भीती तिथेच होती, फक्त आवाज गेला.

अमळनेर
निघताना पोकळ रबरी खेळण्यात दही-भाकरी भरून, फ्रीजरमध्ये गोठवून द्या. चाटण्यात वेळ जातो. परत येईपर्यंत त्याने तोंडही लावलं नसेल, तर समजा भीती जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा. आणि आपलं भरीत प्रेमाने देऊ नका हो! कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, मनुकाही.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर
निघण्याआधी चांगलं फिरवून आणा, पण मे महिन्यात उजाडायच्या आत. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, डांबरावर पंजे भाजतात. गच्चीवर बांधून जाणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, तोंड खराब होईल.

जळगाव
पंधरा दिवस झाले. आज ४० सेकंदांपर्यंत पोचलो. मावशींना वाटतंय मी रोज घरात काहीतरी विसरतो.