थेरपी सुरू केल्यावर घाबरणं वाढलंय, असं होतं का? मदत हवी आहे

मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा प्लीज. आठेक महिन्यांपूर्वी लिफ्टमध्ये पहिला पॅनिक अटॅक आला, छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, घशाला कोरड, वाटलं आता काही मी वाचत नाही. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल, मग डॉक्टरच म्हणाले ही अँक्झायटी आहे, थेरपिस्टला भेटा. तोवर माझी लिफ्ट सुटली होती, मग गर्दी सुटली, मग मीटिंगला दाराजवळचीच खुर्ची लागायला लागली.

आता सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) चालू आहे, पाच सेशन झाली. मॅडम छान समजावतात. भीतीने भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या आणि गरगर, आणि अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांत शिगेला पोचून आपोआप उतरतो. दरवेळी पळ काढला की मेंदू 'पळाले म्हणून वाचले' एवढंच धरून बसतो. पटतं हो सगळं, पण लिफ्टचं दार बंद झालं की पटलेलं काही आठवत नाही.

होमवर्क असं की रोज लिफ्टने जायचं आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यायची नाही. बाटलीने काय होतंय असं मला वाटायचं, पण खरंच पर्समध्ये हात घालून मी सारखं तिचं झाकण चाचपत असते, अगदी तहान नसली तरी. मंगळवारी तिच्याशिवाय गेले. भीतीला 100 पैकी 85 दिले, वर-खाली करत राहिले, सहाव्या फेरीला 60 वर आलं. बरं वाटलं, पण रात्रभर झोप नाही आणि सकाळी नुसत्या विचारानेच पोटात गोळा.

ज्यांनी एक्सपोजर (म्हणजे भीती वाटते त्याच गोष्टीला असं मुद्दाम सामोरं जाणं) केलंय त्यांनी सांगा, सुरुवातीला असं वाढतं का, आणि तुम्हाला साधारण कितव्या आठवड्यात फरक जाणवला? वेग थोडा कमी करा असं मॅडमना सांगावंसं वाटतं पण जीभ रेटत नाही, त्यांना वाटेल ही प्रयत्नच करत नाही. तुम्ही कसं बोललात? थेरपीसोबत एसएसआरआय गोळ्या (अँक्झायटी, डिप्रेशनवर देतात त्या) कुणी घेतल्यात का? सायकियाट्रिस्ट म्हणाले परिणाम दिसायला काही आठवडे जातात, माझं अजून ठरत नाहीये. घरचे मन घट्ट कर म्हणतात, प्रेमानेच म्हणतात, पण ते कसं करतात हेच कळत नाही.

गुरुवारी पुढचं सेशन आहे, त्याआधी कुणी लिहिलंत तर फार आधार वाटेल.