अमेरिकन ओपन जिंकणं राडुकानूला महागात पडलं का?

डेक्कनकर:
डिसेंबर 2019 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर महिला टेनिसची 25 हजार डॉलरची आयटीएफ (म्हणजे खालच्या पायरीची) स्पर्धा झाली होती. 25 हजार म्हणजे अख्ख्या स्पर्धेची रक्कम, विजेतीच्या हातात पडतात चारेक हजार. ती स्पर्धा ब्रिटनच्या 17 वर्षांच्या एमा राडुकानूनं जिंकली, फायनलला नैक्था बेन्सला हरवून. पुढे करोना आला, त्यात ए-लेव्हल म्हणजे तिकडची बारावी. खेळ जवळजवळ बंदच. जून 2021 मध्ये नॉटिंगहॅमला ती पहिल्यांदा डब्ल्यूटीए म्हणजे महिलांच्या मुख्य टूरच्या मुख्य ड्रॉमध्ये उतरली, विम्बल्डनला वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) चौथ्या फेरीत गेली आणि सप्टेंबरमध्ये पात्रता फेरीपासून दहा सामने, एकही सेट न गमावता, थेट अमेरिकन ओपन! क्वालिफायरनं म्हणजे पात्रता फेरीतून आलेल्या खेळाडूनं ग्रँड स्लॅम एकेरी जिंकायची ही पहिलीच वेळ, पुरुषांतसुद्धा.

आणि मग? 2025 संपेपर्यंत डब्ल्यूटीएचा दुसरा किताब नाही. माझं मत, त्या विजयानं तिचं नुकसानच केलं. पुणे ते न्यूयॉर्क यांच्यामध्ये ज्या पायऱ्या असतात (60 हजार डॉलरवाल्या, मग डब्ल्यूटीए 125, 250 अशा चढत्या दर्जाच्या स्पर्धा), त्यांवर खेळाडू गपचूप हरायला शिकतो. हिला ते शिकावं लागलं चॅम्पियन झाल्यावर, जगभरचे कॅमेरे रोखलेले असताना.

बॅकहँड बंडू:
25 लाख डॉलर मिळाले हो त्या एका स्पर्धेत! असं नुकसान आमच्या पोरीचं रोज होवो. पुण्याच्या चार हजारांत लंडनचं तिकीट, हॉटेल, कोचचा खर्च आणि कर काढून काय उरतं, ते मांडा एकदा कागदावर. क्रमवारीत दीडशेच्या पलीकडच्या बहुतेक मुली पदरमोड करून खेळतात. हिला आयुष्यभर पैशाचा घोर नाही.

डेक्कनकर:
पैशाचं कोण बोलतंय? टेनिसचं बोला. विम्बल्डनला कोच नायजेल सीअर्स, न्यूयॉर्कला अँड्र्यू रिचर्डसन. जिंकून दोन आठवडे होतात न होतात तोच रिचर्डसनला नारळ. मग बेल्ट्झ, तुर्सुनोव, झाक्स, कॅवडे. मार्च 2025 मध्ये प्लाटेनिक आला तो जेमतेम दोन आठवडे टिकला. एवढ्या वेळात तर कोचला फोरहँडचं दुखणंही कळत नाही.

मृण्मयी ठाणे:
कोच बदलायची सवय त्या घरात आधीपासूनची आहे, ट्रॉफीवर कशाला ढकलता? माझ्या मते अडलं ते शरीरावर. मी फिजिओ आहे. 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा डांका कोविनिचविरुद्धचा सामना आठवतोय का कुणाला? उजव्या हाताला फोड आले होते, रॅकेट धरवत नव्हती. त्या सामन्यात ती फोरहँड स्लाइस करून, म्हणजे जोर न लावता नुसता कापून, खेळत होती. फोरहँड! एक सेट तशा अवस्थेत काढला, हरली तिसऱ्यात. पण आदल्याच महिन्यात करोना झालेला, सराव तुटलेला. मे 2023 मध्ये दोन्ही मनगटं आणि एक घोटा, तीन शस्त्रक्रिया. पूर्ण मोसम खेळायची सवयच नसलेल्या शरीरावर एकदम टूरचं ओझं पडलं की हे असं होतं. डेक्कनकरांचा मुद्दा मी अर्धाच मानते. पायऱ्या हव्यात, पण त्या मनासाठी नव्हे, सांध्यांसाठी.

सांगलीचा सर्व्ह:
त्याच फायनलमध्ये हरलेल्या लैला फर्नांडिसकडे बघा ना. एमापेक्षा दोन महिन्यांनी मोठी. न्यूयॉर्कला आली तेव्हा मॉन्टेरीचा किताब खिशात होता. फायनलला पोचताना ओसाका, कर्बर, स्वितोलिना, साबालेंका अशा चौघींना गारद केलं. एमाला क्रमवारीतल्या पहिल्या दहातली एकही भेटली नव्हती. नंतर लैलानं पुन्हा मॉन्टेरी, मग हाँगकाँग, 2025 मध्ये वॉशिंग्टन आणि ओसाका शहरातली स्पर्धा जिंकली. नाव गाजत नाही, पण प्रपंच नीट चाललाय.

बॅकहँड बंडू:
मग लैलाला विचारा, हे सगळे किताब देऊन ती एक ट्रॉफी घेतेस का? आणि ड्रॉ सोपा होता हे पालुपद बंद करा आता. बेन्चिच तेव्हा ऑलिंपिक विजेती होती, तिला हरवलं. साकारीला हरवलं. फायनलला 5-3 वर सर्व्हिस करताना गुडघा फुटून रक्त आलं, ब्रेक पॉइंट (सर्व्हिसचा गेम जायची वेळ) असताना खेळ थांबला, पट्टी बांधून परत उभी राहिली आणि शेवटचा पॉइंट एस मारून, म्हणजे समोरचीला रॅकेटही न लावता आलेल्या सर्व्हिसवर, घेतला. ही पायरी कुठल्या 60 हजारवाल्या स्पर्धेत शिकवतात?

आईसाहेब कोल्हापूर:
मला एवढंच दिसतं की पोरीनं ए-लेव्हलला गणितात ए स्टार काढला आणि त्याच वर्षी ग्रँड स्लॅम जिंकलं. आमच्याकडे दहावी आली की रॅकेट माळ्यावर.

डेक्कनकर:
ते कौतुक आहेच. पण 2022 च्या अमेरिकन ओपनला पहिल्याच फेरीत कोर्नेकडून हरली, क्रमवारीत 11 वरून 83 वर आली, तेव्हा ती स्वतःच म्हणाली होती की एका परीनं बरं वाटतंय, कोरी पाटी मिळाली. विजेतेपद गेल्यावर ज्याला हलकं वाटतं, त्याला ते पेलत नव्हतं असाच अर्थ ना?

बॅकहँड बंडू:
19 वर्षांची पोर हरल्यावर आणखी काय बोलणार? आणि ती घसरण म्हणजे नुसतं गणित. एका स्पर्धेचे दोन हजार गुण, 52 आठवड्यांनी ते निघणारच. शस्त्रक्रियांनंतर ती 300 च्या आसपास होती, 2025 अखेर पुन्हा पहिल्या तिसात. माजी विजेती म्हणून वाइल्ड कार्डं मिळाली, नाहीतर पुन्हा पुण्यासारख्या स्पर्धा खेळत बसली असती.

डेक्कनकर:
तेच तर म्हणतोय मी, बंडोपंत! 2024 ला फ्रेंच ओपनची पात्रता फेरी सोडली. पुढे टोरंटो आणि सिनसिनाटीलाही पात्रता फेरीत उतरली नाही, आणि वॉशिंग्टननंतर एकही सामना न खेळता अमेरिकन ओपनला गेली. पहिल्याच फेरीत केनिनकडून तीन सेटमध्ये गारद, पत्रकारांसमोर डोळ्यांत पाणी. ट्रॉफी नावावर नसती, तर त्या पात्रता फेऱ्या तिला मुकाट खेळाव्याच लागल्या असत्या.