लोकसभेला राग काढला, पण आपल्या हातात काय आलं? (धुळे-नंदुरबार-जळगाव)

शिंदखेडा_कापूस:
राम राम मंडळी. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे कांदा आणि कापूस सोडून पारावर दुसरा विषयच नव्हता, लोक इतके तापले होते. धुळ्यात भाजपचे खासदार भामरे ३,८३१ मतांनी पडले, नंदुरबारला भाजपच्याच खासदार हीना गावित दीड लाखाच्या वर मतांनी पडल्या, आम्हाला वाटलं आता तरी वरचे लोक शेतकऱ्याचं ऐकतील. आणि नोव्हेंबरात विधानसभेला धुळे जिल्ह्यात पाचच्या पाच जागा महायुतीला! मग ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आमचा कापूस वेचणीला आला तेव्हाच बाहेरच्या गाठींना दार उघडं. आमचे आप्पा म्हणतात, "भाव आमना हातमा नही, मत ते आमना हातमा शे ना." पण मत देऊन मिळालं काय, ते सांगा कोणीतरी.

तापीकाठ:
भाऊ, धुळ्याचा निकाल कांद्याच्या नावावर टाकू नका. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भामरेच पुढे होते, एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभाताई बच्छावांना एक लाख नव्वद हजाराच्या वर लीड दिलं आणि तिथे खेळ फिरला. कांद्याचा राग बघायचा असेल तर शेजारी दिंडोरी बघा, केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार तिथे भास्कर भगरे या शिक्षकाकडून हरल्या. आणि आमच्या जळगाव-रावेरला कापूसही आहे, केळीही आहे, रागही होता, तरी दोन्ही जागा भाजपला अडीच लाखाच्या वर फरकाने गेल्या. सगळ्या खान्देशाने उठाव केला असं म्हणणं मला पटत नाही.

सातपुड्याची_लेक:
नंदुरबारचं वेगळं आहे दादा. इथे कांदा-कापूस नंतर, आधी हीनाताई गावितांच्या एका घराचा कंटाळा. तेव्हा वडील आदिवासी विकास मंत्री, एक मुलगी खासदार, दुसरी जिल्हा परिषदेची अध्यक्ष, आणि वनजमिनीचे दावे मात्र वर्षानुवर्षं फाईलमध्ये. लोकांनी पाडलं. पण निवडून कोण आलं? काँग्रेसचे गोवाल पाडवी, म्हणजे माजी मंत्री के. सी. पाडवींचा मुलगा. मग विधानसभेला अक्कलकुव्यात के. सी. पाडवी पण पडले आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या हीनाताई पण पडल्या. आमचा मतदार कोणाचा बांधील नाही हे मी अभिमानाने सांगते, २०१४ ला काँग्रेसच्या माणिकराव गावितांना सुद्धा नऊ वेळा निवडून दिल्यावर याच लोकांनी घरी बसवलं होतं. दुःख एवढंच की पर्याय प्रत्येक वेळी दोन-तीन घरांतूनच येतो.

चोपडा_शेतकरी:
मूळ प्रश्नावर बोलतो. तारखा नीट लावून बघा. कांदा निर्यातबंदी आली ८ डिसेंबर २०२३ ला आणि उठली ४ मे २०२४ ला. धुळे-दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला. निर्यात शुल्क ४० टक्के ठेवलं, वर टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत, पण बंदी उठली, ती पण मतदानाच्या सोळा दिवस आधी. मग सप्टेंबरात विधानसभेच्या तोंडावर किमान किंमत काढली आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. म्हणजे सरकार घाबरलं ते मतमोजणीच्या आधी, नंतर नाही. आता कापसाचं बघा, ऑगस्ट २०२५ ला आपल्याकडे ना लोकसभा ना विधानसभा, आणि समोर अमेरिकेच्या ५० टक्के टॅरिफने हैराण झालेल्या कापड गिरण्या. त्यांचं दिल्लीत रोजचं जाणंयेणं असतं, आपण पाच वर्षांतून एकदा रागावतो. माणूस पाडणं सोपं आहे, पण शुल्क ठरवणारा माणूस आपल्या मतपत्रिकेवर नसतोच, त्यामुळे दबाव आणायचा तो निकालाआधी आणि एकाच मागणीवर, "धडा शिकवू" एवढ्यावर थांबलो की नंतर कोणी ओळखत नाही.

अमळनेरची_वहिनी:
विधानसभेला बायका दीड हजारात विकल्या गेल्या असं इकडे सगळे बोलतात त्याचा मला राग येतो. शेतात वेचणी मी करते, कापसाची पट्टी (विक्रीची पावती) नवऱ्याच्या नावाने निघते, पैसे त्याच्या खात्यात. लाडकी बहीणचे पैसे माझ्या स्वतःच्या खात्यात आले. ज्याने दिले त्याला मत दिलं, यात चुकलं कुठे? उद्या कोणी कापसाचा पैसा बाईच्या खात्यात टाकायचं बोललं तर त्यालाही देऊ.

शिंदखेडा_कापूस:
वहिनी, बरोबर आहे तुमचं, आमच्या पारावर बाया बसतच नाहीत म्हणून हे कानावर येत नाही. चोपडावाले दादा, तारखांचं पटलं. आमच्याकडे २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० म्हणून सांगितला, पण सीसीआयला (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ) माल न्यायचा तर आधी ॲपवर नोंदणी आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, तोपर्यंत अर्धं गाव खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, देऊन मोकळं होतं. शुल्क दिल्लीत ठरतं, पण खरेदी केंद्र वेळेत सुरू होण्यासाठी तरी इथल्या आमदाराच्या मागे लागता येईल. तुमच्याकडे केंद्र दिवाळीआधी सुरू होतं का?

चोपडा_शेतकरी:
नाही भाऊ. आमच्याकडे पण दिवाळीनंतरच. आपण दोन-तीन तालुक्यांनी मिळून एकच निवेदन करूया, मी ड्राफ्ट टाकतो इथेच.